सामाईक विहीर

आमच्या गावच्या ख्रिस्ती मंडळीत दरवर्षी वैशाखात तीन रात्रींच्या संजीवन सभा भरतात. शाळांना सुट्ट्या लागलेल्या असतात, रानात काम नसते, आणि वाळूजच्या कंपन्यांत किंवा जालन्याच्या स्टील कारखान्यांत कामाला गेलेली मुले चार दिवस घरी आलेली असतात, म्हणून हा हंगाम आजोबांच्या काळापासून ठरून गेला आहे. चर्चसमोरच्या पटांगणात मांडव पडतो, जालन्याहून पेटीवाले आणि ढोलकीवाले येतात, रात्री उशिरापर्यंत भजन, वचन आणि प्रार्थना चालते, आणि रविवारी सकाळी प्रभुभोजनाने, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीने, सभांची सांगता होते. कळू लागल्यापासून मी या मांडवात बसत आलो आहे. कित्येक रात्री मी तिथे रडलो आहे, हात वर केला आहे, पुढे जाऊन गुडघे टेकले आहेत. आणि तरीही पन्नाशी उलटून गेली तरी माझे संजीवन झाले नव्हते, हे आज मला लिहून ठेवायचे आहे.

‘संजीवन’ हा शब्द मराठी कानाला परका नाही. कचाने मिळवलेली संजीवनी विद्या आपण शाळेत ऐकलेली असते, आळंदीची संजीवन समाधी आपल्याला ठाऊक असते. आमच्या मंडळ्यांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यात एक गोष्ट गृहीत धरली, आणि तिच्याकडे आमचे फारसे लक्ष जात नाही. ज्यात कधी जीव नव्हताच त्याचे संजीवन होत नाही. ज्यात जीव होता आणि आता विझत आला आहे, त्याचेच होते. म्हणून या सभा बाहेरच्या माणसांसाठी आहेत ही समजूत मला चुकीची वाटते. बायबलच्या प्रकटीकरण या पुस्तकात इफिसच्या मंडळीला दोष दिला आहे तो श्रम न केल्याचा नाही. तिचे श्रम, तिची सहनशीलता, सारे मान्य केले आहे. तिने पहिली प्रीती सोडली, एवढाच ठपका आहे, आणि तो फक्त जुन्या विश्वासणाऱ्यांवरच ठेवता येतो.

आम्ही तसे जुनेच. स्कॉटिश मिशनचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्यात काम उभे केले आणि जवळच बेथेल नावाचे ख्रिस्ती गाव वसवले, तेव्हापासूनच्या धाग्यात आमचे घराणे येते. शेषाद्री स्वतः ब्राह्मण घरातले. १८४३ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही त्याच वाटेवर होता, पण तो अल्पवयीन म्हणून न्यायालयाने त्याला वडिलांच्या हवाली केले, आणि त्याला पुन्हा जातीत घ्यावे की नाही यावरून साऱ्या मुंबई-पुण्यात वाद पेटला. त्याला परत घ्यावे म्हणून बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. दोन भावांच्या मधून अशी रेघ गेलेला तो माणूस पुढे मराठवाड्यात येऊन मांग आणि महार वस्त्यांत बसू लागला. आमच्या पणजोबांच्या वडिलांनी त्यांच्या पाठोपाठच्या काळात ख्रिस्ताचे नाव घेतले. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर जे ख्रिस्ती झाले त्यांना ‘भाकरीसाठी बाटले’ हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकावे लागले. लहानपणी मीही ते ऐकले आहे, आणि त्याने मी फार दुखावत असे. आता मला वाटते की उपाशी माणसाला भाकरी देणारा देव खरा वाटला तर त्यात लाजण्यासारखे काही नाही. लाजण्यासारखे जे घडले ते पुढच्या पिढ्यांत घडले, भाकरी मिळाल्यानंतर.

गावाच्या विहिरीवर आमच्या माणसांना पोहरा टाकता येत नव्हता. म्हणून पणजोबांनी आणि त्यांच्या भावांनी वस्तीमागच्या रानात स्वतःची विहीर खणली. ती सहा परस खोल गेली तेव्हा काळ्या पाषाणातून पूर्वेच्या अंगाने झरा लागला. आजोबांनी ती पुढे बांधून काढली आणि मरताना सांगितले की ही विहीर सामाईक राहील, तिची वाटणी व्हायची नाही. हे वाक्य मी स्वतः त्यांच्या तोंडून ऐकले आहे. तेव्हा मी आठवीत होतो, दादा त्यांचे पाय दाबत होता आणि अक्का दाराशी बसली होती.

विहिरीबद्दल एक गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही, पण शहरातल्या वाचकासाठी सांगतो. विहिरीत दरसाल पावसाबरोबर माती, पालापाचोळा, कडेचा मुरूम उतरत राहतो. तळाशी गाळ बसतो, झऱ्यांची तोंडे बुजतात. अशी विहीर पावसाळ्यात इतर विहिरींच्या आधी भरलेली दिसते, कारण तिच्या पोटात जागाच उरलेली नसते. श्रावणात तिच्याकडे पाहून माणूस खूश होतो. माघात ती तळ दाखवते. सभांच्या मांडवातला मी अशा विहिरीसारखा होतो, आणि माझ्यासारखे मांडवात पुष्कळ होते. दोन भजनांत आम्ही काठोकाठ भरून यायचो, आणि मृग लागायच्या आत कोरडे व्हायचो.

त्या भजनांविषयी मात्र मला कधी शंका आली नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजने अभंगाच्या चालीवर चालू झाली की आमच्या वस्तीतली निरक्षर म्हातारी माणसेसुद्धा डोळे मिटून शेवटच्या कडव्यापर्यंत म्हणतात. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ सालचा. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. पण मला त्यांच्या आयुष्यातले दुसरे वर्ष अधिक जवळचे वाटते, १९१७. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे झाली होती, कवी म्हणून नाव झाले होते, मिशनचा पगार चालू होता, आणि त्या वयात त्यांनी तो पगार सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. पुढे दोनच वर्षांनी ते गेले. ज्याने एकदा सर्वस्व सोडले होते त्याला पुन्हा काहीतरी सोडावेसे वाटले, ही बाब मी कितीतरी वर्षे नुसती ऐकत होतो.

पंडिता रमाबाईंचे तर याहून स्पष्ट आहे. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले. एवढी विदुषी, पुराणे मुखोद्गत असलेली, स्त्रियांच्या दुःखासाठी अमेरिकेत गावोगाव बोललेली. आणि त्यांनी आपल्या साक्षीत सांगून ठेवले आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण ख्रिस्त सापडलेला नाही. हे बोलायला किती धैर्य लागले असेल याचा मी पूर्वी विचार केला नव्हता. ज्या देणगीदारांच्या पैशावर संस्था चालते त्यांच्यासमोर, ज्या टीकाकारांनी धर्मांतरावरून आधीच झोडपले आहे त्यांच्यासमोर, संस्थेच्या प्रमुख बाईंनी असे म्हणायचे.

मग केडगाव. आमच्याकडची जुनी माणसे रमाबाईंनी तिथे उभारलेल्या मुक्ती मिशनचे नाव जरा आवाज खाली आणूनच घेतात. १९०३ साली रमाबाईंनी आपली मुलगी मनोरमा आणि सहकारी मिशनरी मिनी अब्राम्स यांना ऑस्ट्रेलियात पाठवले, तिकडे चाललेल्या जागृतीमागे छोटी छोटी प्रार्थनामंडळे होती ती पाहून यायला. १९०४ च्या अखेरीस वेल्समध्ये संजीवन सुरू झाले, १९०५ साली ते ईशान्येकडच्या खासी टेकड्यांत पोहोचले. त्या वर्षाच्या सुरुवातीपासून रमाबाई मुलींना घेऊन रोज प्रार्थनेला बसू लागल्या, बसणाऱ्यांची संख्या वाढत वाढत काहीशेंवर गेली, आणि जूनच्या शेवटी ते घडले ज्याच्या कहाण्या जगभर गेल्या. कहाण्यांत अग्नीचे वर्णन फार असते. एका मुलीभोवती जाळ दिसला आणि दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, ही गोष्ट आमच्या संडे स्कूलमध्ये सांगत असत. मला आता त्या कहाणीतले दुसरेच मोठे वाटते: मुली रात्र-रात्र रडत होत्या त्या आपापल्या पापांची नावे घेऊन, आणि त्याआधी सहा महिने काहीही न घडता त्या रोज बसत होत्या. हंगामाची वाट न पाहता, पेटी-ढोलकी न आणता. आम्ही तीन रात्रींत सारे मागतो.

बाहेरून येणाऱ्या वक्त्यांना मी यासाठी दोष देत नाही. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली तेव्हा लोकांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते यायलाच हवे होते. तहानलेल्या शहराला त्या रेल्वेने जगवले. मात्र रेल्वेच्या पाण्यावर कुणी मोसंबी लावत नाही. सभांचे पाणीही तसेच असते, त्या घटकेला जगवणारे, आणि ते देणाऱ्याचे उपकार मानलेच पाहिजेत.

चार वर्षांपूर्वीच्या सभांना जो पाळक बोलायला आला, तो तरुण होता आणि त्याचा आवाज बसलेला होता, त्यामुळे तो हळू बोलला. त्याने बायबलमधल्या उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायातून इसहाकाची गोष्ट घेतली. अब्राहामाच्या चाकरांनी खणलेल्या विहिरी पलिष्ट्यांनी माती टाकून बुजवल्या होत्या. इसहाकाने त्या पुन्हा खणल्या आणि बापाने दिलेली तीच नावे त्यांना दिली. पुढे त्याच्या गुराख्यांना खोऱ्यात नवे पाणी लागले तेव्हा गराराचे गुराखी भांडायला आले, म्हणून एका विहिरीचे नाव एसेक, म्हणजे भांडण, पडले. दुसरीचे सितना, म्हणजे वैर. तिसरीवर भांडण झाले नाही, तिचे नाव रहोबोथ, म्हणजे ऐसपैस जागा. मग तो पाळक म्हणाला की या अध्यायाच्या शेवटी काय होते ते नीट वाचा: ज्याने इसहाकाला हाकलून दिले होते तो गराराचा राजा अबीमलेख तहाला येतो, पहाटे उठून ते शपथ घेतात, आणि त्याच दिवशी चाकर येऊन सांगतात की आम्हांला पाणी लागले. एवढे बोलून त्याने प्रार्थना केली. कुणाला पुढे बोलावले नाही, हात वर करायला सांगितले नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण आमच्या विहिरीचे नाव कित्येक वर्षांपासून सितना होते, आणि ते मी ठेवले होते.

वडील गेल्यावर वाटणी झाली. घरात लिहिता-वाचता येणारा, कचेरीत जाऊन बोलता येणारा मीच. दादा चौथीतून उठून रानात गेला होता, कारण एकालाच शिकवणे परवडत होते आणि तो एक मी ठरलो होतो. वाटणीचा अर्ज मी लिहिला. विहीर माझ्या गटात दाखवली आणि सातबाऱ्याच्या इतर हक्कांत दादाचा हिस्सा आठ आण्यांऐवजी चार आण्यांचा लिहवला. दादाने सही करताना कागद वाचला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि सही केली. मी मनाशी म्हटले की मोटार मी बसवली आहे, पाइपलाइन माझ्या पगारातून झाली आहे, तेव्हा यात अन्याय नाही. आठवड्यातले दोन दिवस पाण्याची पाळी त्याची, पाच दिवस माझी.

पुढे २०१२-१३ चा दुष्काळ आला. जालन्याच्या मोसंबीच्या बागा त्या वर्षी कशा वाळल्या हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वर्णन नको. दादाची एकशे वीस झाडे होती, दहा-बारा वर्षांची, ऐन भरातली. दोन दिवसांच्या पाळीत ती भागत नव्हती. त्याने कर्ज काढून बोअर घेतला, तीनशे फुटांपर्यंत नुसता फुफाटा निघाला. त्या उन्हाळ्यात मी माझ्या पाळीचे पाणी टँकरवाल्याला विकत होतो. दादा एकदाच आला, बांधावर उभा राहिला, म्हणाला, “दोन तास दे.” मी म्हणालो की टँकरवाल्याला शब्द दिला आहे. जूनमध्ये त्याने झाडे तोडली. मोसंबीचे सरपण चांगले जळते. वहिनीच्या चुलीतला तो धूर माझ्या अंगणात वर्षभर येत होता. आणि मला हेही लिहिलेच पाहिजे की टँकरच्या पैशांतून मी दशांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, काढून मंडळीत दिला, पावती घेतली, आणि त्या वर्षी चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिटीवर निवडून आलो.

दादा आणि मी बोलणे बंद केले. चर्चमध्ये तो डाव्या बाजूला मागे बसे, मी उजव्या बाजूला पुढे. प्रभुभोजनाला एकाच कठड्यापाशी, एकामागून एक. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात वेदीपाशी दान आणलेल्या माणसाला सांगितले आहे की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर दान तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा. हा भाग मी चर्चमध्ये उभा राहून वाचून दाखवला आहे, एकदा नव्हे, चार-पाच वेळा, मोठ्या स्वच्छ आवाजात.

आमच्या सभांत साक्षी होतात. माणूस उठतो आणि म्हणतो, मी मोठा पापी होतो, प्रभूने मला उचलले. मीही अशी साक्ष दिली आहे. आता माझे मत असे झाले आहे की ज्या पापाला नाव, गाव आणि गट नंबर नाही, त्याची कबुली देताना माणसाचे काहीच जात नाही. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने प्रभूसमोर आपण पापी आहोत असे मोघम सांगितले नाही. अन्यायाने घेतले असेल ते चौपट परत करतो म्हणाला, म्हणजे त्याच्याकडे हिशेब होता. हिशेब माझ्याकडेही होता. टँकरच्या खेपांची वही अजून कपाटात होती.

रविवारी मी प्रभुभोजनाला गेलो नाही. ती वही आणि सातबाऱ्याचा उतारा घेऊन दादाच्या घरी गेलो. तो ओसरीवर दोर वळत बसला होता. मी वाटेत जुळवलेली वाक्ये बोलू लागलो, पण तोंडातून त्यातले एकही धड निघाले नाही. मी उतारा त्याच्यापुढे ठेवला आणि चार आण्यांच्या नोंदीवर बोट ठेवून म्हणालो, “हे मी केलं.” दादाने कागदाकडे पाहिले नाही. “मला पहिल्या दिवसापसून ठावं हाय,” तो म्हणाला. “तू कामून येत नाहीस, तेवढंच कळंना.” वहिनी आतून तांब्या घेऊन आली आणि माझ्यापुढे ठेवून परत गेली, तिने माझ्याशी बोलायला पुढे सात-आठ महिने घेतले, आणि तो तिचा हक्कच होता. वही दादाने चाळली, हिशेबाचे आकडे त्याला कळले, आणि मिटून ती मांडीखाली ठेवली. बराच वेळ दोर वळून झाल्यावर त्याने विचारले, “गाळ काढायचा का औंदा?”

पंचवीस वर्षांत त्या विहिरीचा गाळ निघाला नव्हता, कारण एकट्याने खर्च करावा असे आम्हां दोघांनाही वाटले नव्हते. मे महिन्यात क्रेन लावली. तळाशी पोटरीभर पाणी होते, ते उपसून टाकल्यावर काळा, लोण्यासारखा गाळ लागला, आणि त्याला असा वास होता की पहिल्या दिवशी खाली उतरलेला मजूर संध्याकाळी जेवला नाही. घमेल्यांनी भरून तो वर येत होता आणि काठावर पसरत होता. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्या, खताची गोणी, मोटारीचा जुना फूटव्हॉल्व्ह, एक पितळी फुलपात्र आणि तळाच्या थरात आजोबांचा लोखंडी पोहरा निघाला, कडी तुटलेला. मी लहान असताना तो माझ्या हातून निसटला होता आणि दादाने गळ टाकून दोन दिवस शोधला होता. मार मात्र त्यानेच खाल्ला होता, माझे नाव न सांगता. हे मी साफ विसरलो होतो. त्याला तो पोहरा पाहताच आठवले, आणि तो हसला.

सहाव्या दिवशी खडक उघडा पडला, तरी पाणी नव्हते. मला फार वाईट वाटले. एवढा खर्च, एवढे सारे करून झऱ्याने दगा दिला असे वाटू लागले. दादा पहारीने पूर्वेच्या अंगाच्या कपारी कोरत राहिला. एका कपारीत मुरूम घट्ट बसला होता, तो त्याने बोटांनी उकरून काढला, आणि तिथून घाम यावा तसा ओलावा दिसू लागला. रात्री आम्ही दोघे काठावरच झोपलो. सकाळी खाली कंबरभर पाणी होते, गढूळ.

आठ आण्यांची दुरुस्ती होऊन फेरफार मंजूर व्हायला दीड वर्ष लागले. टँकरच्या पैशांची परतफेड अजून चालू आहे, दर महिन्याच्या पगारातून. दादा नको म्हणतो, मी ते ऐकत नाही. त्याने पुन्हा मोसंबी लावली आहे, या वेळी साठच झाडे. माझी प्रार्थना पूर्वीपेक्षा लहान झाली आहे आणि तिच्यात मला लाज वाटेनाशी झाली आहे. पहाटे स्तोत्र वाचताना शब्द आता माझ्याशी बोलतात, हे मी दुसऱ्या कोणत्या रीतीने सांगू शकत नाही.

गेल्या वर्षीच्या सभांत दादा प्रथमच माझ्या शेजारी बसला. दुसऱ्या रात्री प्रार्थना चालू असताना त्याने माझ्या कोपराला हात लावला आणि अगदी हलक्या आवाजात विचारले, “अक्काचं काय करायचं?”

मला लगेच कळले नाही. मग कळले. वडील गेल्यावर आम्ही दोघांनी मिळून अक्काला जालन्याला नेले होते, दुय्यम निबंधकांच्या कचेरीत तिच्याकडून हक्कसोडपत्र करून घेतले होते, आणि येताना तिला एक साडी घेऊन दिली होती. ती साडी तिने छातीशी धरून नेली. त्यानंतर तिच्या नवऱ्याचे आजारपण झाले, तिने दोन म्हशी विकल्या, आणि तिने आमच्याकडे काही मागितले नाही. त्या कागदावर दादाची आणि माझी, दोघांची संमती होती. आमचे भांडण चालू असतानाही त्या एका बाबतीत आमचे एकमत होते. सामाईक विहीर म्हणताना आजोबांनी दाराशी बसलेल्या तिच्याकडेही पाहिले होते, हे दादाला आठवत होते.

आम्ही येत्या सोमवारी परतूरला तिच्याकडे जाणार आहोत. वकिलाकडून नव्या कागदांचा मसुदा करून घेतला आहे, तो पिशवीत ठेवला आहे. दादाने सुचवले की तिला आधी फोन करू नये, नाहीतर ती स्वयंपाकाची तयारी करत बसेल.